वेंडेलच्या गाडीचा उजवा बिल्ला

मंगळवारी सकाळी नेब्रास्काच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा मार्लिसबाई स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर हेडलाइटच्या चकचकीत कड्याचं वजन करत होत्या. दोन मिनिटं त्या फोनवर नुसत्या "हं, हं" करत राहिल्या. मग "मागच्या बाजूचा फोटो पाठव" एवढं म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. कामाच्या वेळेला ही बाई बसलेली मी फारशी पाहिलेली नाही, म्हणून पार्सलाला चिकटपट्टी लावणारा माझा हात थांबला.

"काय झालं?"

"खोका उघडला त्यानं. आत बिल्ल्याची नक्कल निघाली."

"कुठला खोका?"

"ऑरिनकडून घेतलेल्या चारांतला." त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. "नंदू, त्या चारांतलाच एक वेंडेलच्या गाडीवर बसलाय."

वेंडेलची गाडी शनिवारी जत्रेच्या मैदानावर परीक्षेला उभी राहणार होती, आणि बिल्ले-पट्ट्यांच्या परीक्षक होत्या खुद्द मार्लिसबाई.

मार्लिस टॉलेफसन. वय त्र्याहत्तर. जेन्सव्हिलच्या बाहेर मक्याच्या शेताला लागून घर, घरामागे पत्र्याची मोठी शेड, आणि त्या शेडमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांचा सगळा दागदागिना. एकोणिसाव्या वर्षी त्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये सुट्या भागांच्या काउंटरवर उभ्या राहिल्या त्या एकतीस वर्षं. शोरूमला कुलूप लागलं तेव्हा मालकानं विचारलं, आठवण म्हणून काय हवं? यांनी भागांच्या क्रमांकांची जाडजूड पुस्तकं मागितली. मालक हसला म्हणे. त्याला वाटलं, बाई घड्याळ मागेल.

आमच्या या भागात प्रत्येक तिसऱ्या गॅरेजात कुणीतरी आपल्या तरुणपणीची दणदणीत इंजिनाची गाडी पुन्हा उभी करत असतो. इंजिनाचं काय, ते कुणीही दुरुस्त करतं. गाडं अडतं ते दारावरच्या एका पट्टीवर, नाहीतर मडगार्डावरच्या तळहाताएवढ्या बिल्ल्यावर. तेवढा एक मिळाला नाही की चांगली नातवंडं असलेले पुरुष वेडेपिसे होतात. मग ते मार्लिसबाईंना फोन करतात. बाई बंद पडलेल्या शोरूमांचे माळे, विधवांची गॅरेजं, चिखलातली जुन्या भागांच्या बाजाराची मैदानं, सगळीकडे डोळ्यांत तेल घालून हिंडतात आणि नेमका तो तुकडा आणून देतात.

शेडच्या डाव्या भिंतीला मूळचा माल, उजव्या भिंतीला मागाहून नव्यानं केलेल्या नकला. नकलेचा त्यांना मुळीच तिटकारा नाही. रोज गाडी चालवणाऱ्याला त्या स्वतःच सांगतात, "उजवीकडची ने बाबा. दिसते छान, पाऊस लागला तरी जीव जळायचा नाही." पण नक्कल मूळची म्हणून खपवणाऱ्या माणसाचं नाव काढलं की बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबतात. एकाला त्यांनी भर मैदानात, भर दुपारी, त्याच्या सासऱ्यादेखत झापलेलं मी पाहिलंय.

आता खोक्याचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथं आहे. कारखान्यानं त्या काळी पिना मारून बंद केलेला खोका या लोकांत कुणी उघडत नाही. पन्नास वर्षं तो या हातातून त्या हातात जातो. जो तो वरची चिठ्ठी वाचतो, कानाशी धरून हलवतो, पिनांवरचा गंज बघतो आणि मान डोलावतो. मी नवा होतो तेव्हा म्हटलं होतं, ही तर न बघता जमवलेली सोयरीक झाली. त्यावर मार्लिसबाई म्हणाल्या, "उघडला की तो खोका राहत नाही नंदू, नुसता बिल्ला राहतो." मी कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म घालवलेला माणूस, मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास नाही. पण मी पडलो शनिवारी हौसेनं पार्सलं बांधायला येणारा, आणि अलीकडे घरी करमत नाही म्हणून मंगळवारीही येणारा. पुढचं पार्सल बांधायला घेतलं.

ते चार खोके बाईंनी वसंतात ऑरिन नावाच्या जुन्या ओळखीच्या माणसाकडून घेतले होते. चारही एकाच बिल्ल्याचे, सत्तर सालच्या शेव्हेल गाडीच्या मडगार्डावरचे. पिना तपासल्या, गंज आपापल्या भोकांत नीट मुरलेला होता. एक नेब्रास्काला गेला, एक वेंडेलला दिला, दोन डाव्या भिंतीवर होते.

दुपारी फोटो आला. बिल्ल्याच्या पाठीवर क्रमांक नव्हता. मूळच्या बिल्ल्यामागे साच्यातून काढताना पडलेल्या चार बारीक गोल खुणा असतात, त्याही नव्हत्या. बाईंनी लगेच ऑरिनला फोन लावला. तो बिचारा खरंच हादरला.

"मी कशाला उघडतोय गं? कोण उघडतं?"

"गंज तर जुना होता, ऑरिन!"

"मग ज्याच्याकडून मी घेतले त्या शोरूमवाल्यानंच कधीतरी आतला काढून स्वतःच्या गाडीला लावला असेल, आणि मोजदाद भरावी म्हणून नक्कल घालून परत पिना मारल्या असतील. तीस वर्षांत त्याही पिना गंजल्या. आता तो मेला, कुणाला विचारू?"

बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "एकात घातली असेल, की चारांत?"

मी म्हटलं, "वेंडेलला आत्ताच्या आत्ता सांगा. शनिवारला अजून चार दिवस आहेत."

"सांगते."

बुधवारी मी मुद्दाम गेलो, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. वेंडेल क्रान म्हणजे त्यांचा शाळेतला वर्गबंधू, कारखान्यात वेल्डिंग करून निवृत्त झालेला, तोंडाचा फटकळ आणि गाडीचा वेडा. नऊ वर्षं लागली त्याला ती गाडी उभी करायला. शनिवारी ती 'मूळ भागांच्या' गटात उतरणार होती. या गटात मालक सही करून यादी देतो, अमुक भाग मूळचा, तमुक भाग मूळचा. यादीतला एक जरी भाग नक्कल निघाला तरी गाडी गटातून बाद, आणि संध्याकाळी कर्ण्यावरून नाव वाचून दाखवतात. लबाडी आणि चूक यांत तिथं फरक करत नाहीत. फोनवर वेंडेल वीस मिनिटं रंगाच्या शेवटच्या थराबद्दल बोलला. बाई "हो का, छान" करत राहिल्या, शेवटी शनिवारी पाऊस आहे का एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

"हे सांगणं झालं?" मी चिडलोच.

"तो मध्ये थांबेना रे!"

"फोन तुम्ही लावला होतात की त्यानं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं पार्सलांकडे वळलो. खरं सांगायचं तर मला बाईंची दया येत होती आणि रागही. चाळीस वर्षं लोक या बाईच्या शब्दावर डोळे मिटून गाड्या सजवतात. तो शब्द आता त्यांच्याच घशात अडकला होता.

गुरुवारी मी गेलो तर दोन्ही खोके टेबलावर, शेजारी पातळ सुरी. बाईंनी रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नव्हता, ते दिसतच होतं.

"तू उघड," त्या म्हणाल्या.

"मी का?"

"माझ्या हातून आजवर एकही उघडला गेला नाही."

मी पिना एकेक करून उचकटल्या. पहिल्या खोक्यात तेलकट कागद, आत बिल्ला. बाईंनी तो उलटा केला. क्रमांक होता. चार खुणा होत्या. काट्यावर वजनही बरोबर. दुसरा उघडला, तोही मूळचा. मी मोठ्यानं हसलो. "झालं! एकच खराब होता, तो नेब्रास्काला गेला. सुटलात!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही बिल्ले पुन्हा तेलकट कागदात गुंडाळले. "नंदू, हे दोन्ही नकला निघाले असते तर मी आत्ताच गाडीत बसून वेंडेलकडे गेले असते. आता काय सांगू त्याला? असेलही, नसेलही?"

खरं होतं ते. चांगली बातमी येऊन जीव जास्तच टांगणीला लागला.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव मासे खायला जातं, तसे आम्हीही गेलो. वेंडेल तिथं होताच. बाईंसाठी ब्रँडी मागवून तो त्यांच्या समोर येऊन बसला. बाईंनी ताटातल्या माशाला हात लावला नव्हता.

"का गं, उपास आहे?" तो म्हणाला. "उद्या माझी गाडी तपासायची म्हणून आतापासून तोंड लांब करून बसलीस?"

"वेंडेल, तो उजवा बिल्ला... समोरून कसा दिसतो?"

"झकास! डावा गाडीचा स्वतःचा, जरा विटलेला होता. म्हणून दोन्हींच्या आतला काळा रंग मी नव्यानं भरला. आता जुळी भावंडं! तू सुद्धा ओळखणार नाहीस कुठला कुठला."

बाई काट्यानं मासा चिवडायला लागल्या. जुन्या काळ्या रंगाचा खरखरीतपणा, एवढीच समोरून ओळखायची एक खूण होती. तीही गेली. आता काय ते बिल्ल्याच्या पाठीला माहीत, आणि पाठ मडगार्डाला चिकटलेली.

मी टेबलाखालून बाईंना पाय मारला. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात वेंडेल उठला. जाता जाता खांद्यावर थोपटून म्हणाला, "तुझ्या त्या एका बिल्ल्यासाठी गाडी अडली होती मार्लिस. उपकार झाले." हा माणूस एरवी सख्ख्या भावाला उपकार म्हणणार नाही, आणि त्याला नेमकी आज बुद्धी सुचली!

शनिवारी ऊन स्वच्छ होतं. गवतावर दव होतं, गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, सॉसेज भाजल्याचा धूर पसरला होता. बाई आपलं विक्रीचं टेबल मला सोपवून परीक्षकाचा बिल्ला छातीला लावून निघाल्या. माझा जीव राहीना. टेबल शेजारच्याला बघायला सांगून मी मागोमाग गेलो.

त्यांच्याबरोबर लाइल ब्योर्कमन नावाचा दुसरा परीक्षक असतो. अठरा वर्षं दोघं जोडीनं गाड्या बघतात. त्यांची एक रीत ठरून गेलेली आहे. लाइल यादी वाचतो, बाई तपासतात. पण भाग बाईंकडून घेतलेला असेल तर तपासायचा नाही. लाइल नुसतं "तुझाच ना?" म्हणतो आणि बरोबरची खूण करतो. आजवर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला आत्ता वाटलं. म्हणजे बाई गप्प बसल्या तर जन्मात कुणाला कळणार नव्हतं.

वेंडेलची निळी गाडी उन्हात अशी उभी होती की माझ्यासारख्या माणसालाही दोन पावलं मागे सरून बघावीशी वाटली. वेंडेल इस्त्रीचा शर्ट घालून हात मागे बांधून उभा. लाइल वाचत गेला. पुढची जाळी, मूळची. काचेभोवतीच्या पट्ट्या, मूळच्या. बाई वाकत होत्या, बोट फिरवत होत्या, मान हलवत होत्या.

"उजव्या मडगार्डाचा बिल्ला, मूळचा. तुझाच ना?" लाइलनं पेन टेकवलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "खूण करू नकोस."

लाइलनं मान वर केली. वेंडेलनंही. बाईंनी दोघांना सगळं सांगितलं. नेब्रास्का, चार खोके, दोन मूळचे, एक नक्कल. काही गाळलं नाही. मंगळवारपासून माहीत होतं, हेही सांगितलं.

वेंडेलचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "मंगळवारपासून? काल माझ्यासमोर बसून मासे चिवडत होतीस तेव्हाही?"

"हो."

"लावताना मी पाठ बघितलीसुद्धा नाही. तू म्हणालीस मूळचा आहे. म्हणजे तो मूळचा आहे."

"मी आत बघितलं नव्हतं वेंडेल."

"तुझा शब्द खोटा असू शकतो, हे मी तुझ्याच शब्दावर मानायचं होय? वा गं वा!"

लाइल हळूच म्हणाला, "यादीतून तेवढा एक भाग काढ ना. गुण जातील, पण बाद तर होणार नाहीस."

"नऊ वर्षांनी पहिल्यांदा यादी पुरी झाली आणि काढ म्हणतोस?" वेंडेल कडाडला. चार बाजूंनी माणसं गोळा झाली. मग तो बाईंकडे वळला. "काढायचा तर बिल्लाच काढ. तूच दिलास, तूच काढ. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

गवतावर कुणीतरी गोधडी टाकली. त्र्याहत्तर वर्षांची बाई, एक गुडघा धड नाही, चाकाशेजारी आडवी झाली आणि मागच्या पोकळीतून हात घालून नट सोडवायला लागली. सगळे नट निघाले, तरी बिल्ला हलेना. आतल्या चिकट लुकणानं तो रंगाला धरून ठेवला होता. बाई उठल्या, खिशातून दात साफ करायचा दोरा काढला, बिल्ल्यामागे सरकवला आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे ओढायला लागल्या. चाळीस माणसं उभी, पण कर्ण्यावरच्या गाण्याखेरीज आवाज नाही. मी मनात एवढंच म्हणत होतो, मूळचा निघू दे, मूळचा निघू दे.

बिल्ला सुटला. बाईंनी तो तळहातावर उलटा केला.

क्रमांक होता. चार गोल खुणाही होत्या.

"मूळचा!" लाइल ओरडला. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिटी मारली. मी तर शेजारच्या अनोळखी माणसाला मिठीच मारली. मार्लिसबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्या पुसतही नव्हत्या.

वेंडेल टाळ्या वाजवत नव्हता. तो मडगार्डाकडे बघत होता. बिल्ल्याच्या जागेच्या कडेला, खालच्या भोकाशेजारी, निळ्या रंगाचा मसुराच्या डाळीएवढा टवका उडाला होता. आतला करडा थर दिसत होता. तो बिल्ल्याखाली झाकला जाण्याजोगा नव्हता, निम्मा बाहेर राहत होता.

रंगाचा परीक्षक पाठोपाठ येतच होता. त्याला काय दोष द्यायचा? त्यानं बघितलं, चुकचुकला आणि गुण कापले.

बाई पुढे झाल्या. "वेंडेल, मी..."

"निघाला ना मूळचा?"

"निघाला."

"म्हणजे तू वसंतात सांगितलंस ते खरंच होतं."

"हो."

तो रागावलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. थकलेल्या माणसासारखा तो म्हणाला, "नऊ वर्षांत मला हजार शंका आल्या मार्लिस. इंजिनाची, रंगाची, माझ्या हातांची. शंका आली की मी तुला विचारायचो आणि शांत झोपायचो. आता मी कुणाला विचारू?"

मला त्या क्षणी वेंडेलच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अरे, दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती, तुला पहिला नंबर मिळाला असता आणि तू आनंदानं मेला असतास! पण तो खोटं काही बोलला नव्हता. म्हणून मी वाकून गवतावरच्या गोधडीची घडी घातली.

निकालात वेंडेलची गाडी दोन गुणांनी दुसरी आली. त्यानं ढाल घेतली, काखेत मारली आणि कुणाशी न बोलता गेला. लाइल येऊन बाईंना म्हणाला, "तू केलंस ते बरोबरच केलंस." बाई म्हणाल्या, "माहीत आहे मला."

दुपारी उशिरा टेबलाशी एक मिशीवाला गृहस्थ आला. डाव्या भिंतीवरून आणलेल्या मालातली एक दाराची पट्टी त्यानं उचलली. साधी पट्टी, खोक्याविना, बाईंनी स्वतः एका जुन्या गाडीवरून उतरवलेली. मी तेव्हा शेजारी स्क्रू गोळा करत होतो.

"मूळची आहे?" त्यानं विचारलं.

मार्लिसबाईंनी ती हातात घेतली. पाठ बघितली. कड बघितली. उन्हात धरली, पुन्हा पाठ बघितली. गृहस्थ वाट बघत उभा राहिला. बाईंनी पट्टी माझ्यासमोर धरली. बारा वर्षांत एकदाही न विचारलेला प्रश्न त्यांनी मला, पार्सलं बांधणाऱ्या माणसाला, विचारला.

"नंदू, तुला काय वाटतं?"